पॉवर्ड स्पीकर बिघडला असं वाटलं की आधी स्पीकर सोडून बाकी सगळं बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे: १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, एक छोटा मिक्सर, गाण्यांसाठी लॅपटॉप. डाव्या स्पीकरमधून सतत हूंऽऽ असा आवाज येतो. उजवा जोरात वाजत असताना अर्ध्या-पाऊण तासाने गप्प होतो आणि दहाएक मिनिटांनी आपला आपण चालू होतो. आणि मिक्सर न घेता लॅपटॉप थेट स्पीकरला लावला की गाण्यातला गायकच गायब, वाद्यं वाजतात पण बोल नाहीत. वर तुम्हाला कोणीतरी सांगितलंय की दोन्हीच्या आतल्या किट, म्हणजे आतले इलेक्ट्रॉनिक्सचे बोर्ड, गेल्यात, बदलून टाका.

किटला अजिबात हात लावू नका. गेली बरीच वर्षं मी हेच काम करतोय, कार्यक्रमात वाजवायचं पण आणि टेबलावर उघडून दुरुस्त करायचं पण, आणि माझ्याकडे "बिघडलाय" म्हणून येणाऱ्या बॉक्सपैकी कितीतरी टेबलावर लावले की मस्त वाजतात. खराबी असते केबलमध्ये, लेव्हलमध्ये, लाइटीच्या पुरवठ्यात, नाहीतर मागच्या एखाद्या बटणात. पॉवर्ड स्पीकरची गंमत ही की अ‍ॅम्प, क्रॉसओव्हर (जाड आवाज वूफरला आणि बारीक ट्विटरला वाटून देणारा), लिमिटर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा) सगळं एकाच बॉक्समध्ये असतं, त्यामुळे कुठेही काही झालं तरी नाव स्पीकरचं येतं. तुमच्या तिन्ही गोष्टी माझ्या मते एकमेकांशी संबंध नसलेल्या आहेत, आणि तिन्ही बॉक्सच्या बाहेरच्या असण्याचीच शक्यता जास्त.

गायक गायब होण्याचं आधी सांगतो, कारण ते कळलं की घरघरीचं निम्मं आपोआप कळतं. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जी पिन जाते तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात बघा, म्हणजे पिनेचे तीन तुकडे. टोकावर डावा आवाज, मधल्या रिंगवर उजवा, आणि मागच्या स्लीव्हवर ग्राउंड. आता स्पीकरच्या मागे जो बॅलन्स्ड इनपुट आहे, त्यात मोठा जॅक घाला नाहीतर एक्सएलआर (तीन पिनांचा गोल कनेक्टर), त्यालाही तीनच टोकं असतात पण त्यांचा अर्थ वेगळा: एक हॉट, एक कोल्ड, एक ग्राउंड. एक्सएलआरमध्ये १ नंबरची पिन ग्राउंड, २ हॉट, ३ कोल्ड. बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल एकदा सुलटा आणि एकदा उलटा पाठवलेला असतो आणि इनपुट करतो काय, तर हॉटमधून कोल्ड वजा करतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखी असते म्हणून वजाबाकीत उडते, आणि सिग्नल उलटा-सुलटा असल्यामुळे वजा केला की उलट दुप्पट होतो. इतकी साधी आणि इतकी हुशार गोष्ट आहे ही.

पण तुम्ही तिथे स्टिरिओ पिन घातलीत. म्हणजे स्पीकर आता डाव्यातून उजवा वजा करतोय. गायकाचा आवाज मिक्स करताना बरोबर मध्ये ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच, पाचातून पाच गेले की शून्य. बेस आणि किक पण बहुतेक वेळा मध्येच असतात म्हणून गाणं पातळ पण लागतं. उरतं ते बाजूला ठेवलेलं गिटार, कोरस आणि गायकाच्या आवाजाचा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा पडसाद, म्हणून तो विहिरीच्या तळातून गातोय असं वाटतं. खात्री करायची असेल तर लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असा पर्याय असतो तो चालू करा. तसं केलं की स्पीकर जवळजवळ पूर्ण गप्प होईल, कारण आता डावं-उजवं तंतोतंत सारखं आहे. फक्त बोलणं असलेला व्हिडिओ लावला तरी हेच, काहीच ऐकू येत नाही आणि माणूस घाबरतो की स्पीकर गेला.

उपाय म्हणजे एका बाजूला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन मोनो जॅक अशी वाय केबल घ्या, दोन्ही जॅक मिक्सरच्या दोन चॅनलला किंवा एकेक स्पीकरला. एकच स्पीकर असेल तर त्या दोनपैकी एकच जॅक लावा आणि लॅपटॉप मोनोवर ठेवा, आता काही गायब होत नाही कारण मोनो जॅकमध्ये कोल्ड ग्राउंडला जोडलेला असतो. डावं-उजवं नुसतं पिळून एकत्र सोल्डर करू नका, लॅपटॉपचे दोन आउटपुट एकमेकांत भांडतात. करायचंच तर दोन्हीत ४७० ओहम ते १ किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर टाकून मग जोडा. बाजारात "स्टिरिओ जॅक ते एक्सएलआर" म्हणून तयार केबल मिळते ती बऱ्याचदा आतून नेमकी चुकीच्या पद्धतीने जोडलेली असते, मल्टिमीटरच्या बझरवर टोक आणि रिंग कुठल्या पिनेला जातात ते बघून मगच वापरा.

आता घरघर. इथे लोक एकदम दहा गोष्टी बदलतात आणि मग कशाने गेली ते कळतच नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. सगळ्यात आधी दोन्ही स्पीकरची अदलाबदल, पण अदलाबदल म्हणजे बॉक्स उचलून जागा बदलायची नाही, फक्त सिग्नलच्या केबल बदला: डावीची उजवीला, उजवीची डावीला. घरघर केबलबरोबर गेली तर स्पीकर निर्दोष. बॉक्समध्येच राहिली तर पुढची पायरी, गेन (मागचा आवाज कमी-जास्त करायचा नॉब) खाली करून त्याची सिग्नल केबल काढून टाका आणि परत गेन वर घ्या. केबल नसताना पण हूं येत असेल तरच आतलं काहीतरी, बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे कपॅसिटर म्हातारे झालेत. केबल काढल्यावर शांत झाला तर आवाज बाहेरून येतोय.

मग केबल स्पीकरला लावा पण मिक्सरला लावू नका, ऐका. मग मिक्सरला लावा पण मिक्सरला दुसरं काहीच जोडलेलं नको, ऐका. मग लॅपटॉप लावा. ज्या पायरीला घरघर आली ती तुमची आरोपी. आणि लॅपटॉपवर आली तर लगेच चार्जरची पिन काढून बघा. मी पैज लावतो दहा जणांपैकी बऱ्याच जणांचं तिथेच संपतं, चार्जर काढला की एकदम शांतता, माउस हलवला की येणारी ती किर्रकिर्र पण बंद.

हे ग्राउंड लूपचं प्रकरण. लॅपटॉपचा चार्जर एका सॉकेटवरून अर्थला लागलाय, स्पीकर दुसऱ्या सॉकेटवरून, आणि दोघांना परत ऑडिओ केबलची शील्ड जोडतेय, म्हणजे एक मोठं वर्तुळ तयार झालं. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडासा फरक असला तरी शील्डमधून करंट वाहतो आणि तोच हूं म्हणून ऐकू येतो. बॅलन्स्ड जोडणी असेल तर वजाबाकीत बरंच जातं, पण लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंतची केबल अनबॅलन्स्ड असते, तिथे वजाबाकीच नाही. म्हणून पहिला उपाय फुकटचा: मिक्सर, लॅपटॉप आणि स्पीकर सगळे एकाच बोर्डावर लावा. दुसरा, लॅपटॉपसाठी ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (अनबॅलन्स्ड सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी) किंवा आयसोलेटर मध्ये टाका. ट्रान्सफॉर्मरमध्ये सिग्नल चुंबकातून पलीकडे जातो, तारेची जोडणीच नसते, वर्तुळ तुटतं. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण असतं ते दाबायला विसरू नका, अर्धे लोक बॉक्स घेतात आणि बटण दाबत नाहीत. तिसरा, बॅलन्स्ड केबलमध्ये स्पीकरच्या बाजूची १ नंबर पिन सोडवून ठेवलेली एक केबल बनवायची आणि तिच्यावर लाल टेप लावायचा, नाहीतर तीच केबल उद्या कंडेन्सर माइकला लागते आणि फँटम पॉवर (मिक्सर केबलमधून माइकला देतो ती वीज) का पोहोचत नाही म्हणून सगळे डोकं खाजवत बसतात.

आता जे करायचं नाही ते. पॉवरच्या प्लगची अर्थची पिन तोडायची नाही, तिच्यावर टेप गुंडाळायचा नाही, अर्थची वायर सोडवायची नाही. तसं केलं की घरघर जाते हे खरं आहे आणि म्हणूनच हा सल्ला इतका पसरलाय. पण आतमध्ये होतं काय ते बघा. बहुतेक स्विचिंग सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याच्या बॉडीला छोटे कपॅसिटर लावलेले असतात, खरखर गाळायला. अर्थ असेल तर ते गपचूप काम करतात. अर्थ तोडली की बॉडी अधांतरी होते आणि तिच्यावर साधारण अर्धा व्होल्टेज येऊन बसतो, २३० वर सुमारे ११५. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात, टेस्टर लावला तर पेटतो. एका कार्यक्रमात गाणारी मुलगी सारखी सांगत होती की माइक ओठाला चावतोय, आणि सगळे हसत होते. मी मागे जाऊन बघितलं तर मिक्सर आणि दोन्ही स्पीकर, तिघांच्या अर्थच्या पिना पक्कडीने कापलेल्या. तिथे आत एखादी फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली असती तर मुंग्यांवर भागलं नसतं, पूर्ण व्होल्टेज शील्डमधून माइकच्या जाळीवर आला असता. त्या दिवशी कार्यक्रम अर्धा तास थांबवला, प्लग बदलले, शिव्या खाल्ल्या, आणि हूं परत आला तो डीआय बॉक्सने काढला.

घरघर ऐकून पण थोडं ओळखता येतं. जाड, खोल, पोटातून आल्यासारखा हूं म्हणजे ५० हर्ट्झ, जिथे पुरवठा ६० चा तिथे ६०, हा बहुधा लूपचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अगदी जवळून गेलेल्या केबलचा. जरा कर्कश, माशी अडकल्यासारखा झ्झ्झ म्हणजे १०० हर्ट्झ आणि त्याच्या वरची भावंडं, तो पॉवर सप्लायच्या कपॅसिटरचा असू शकतो. लाइटचा डिमर फिरवला की बदलणारा झ्झ्झ डिमरचाच, त्याला वेगळ्या फेजवर टाका. आणि मधूनच येणारी टिकटिक-टिक-डर्रर्र म्हणजे कोणाचातरी मोबाइल, जुन्या टूजीचा स्फोट सेकंदाला २१७ वेळा होतो तो ऐकू येतो, फोन लांब ठेवा की संपलं.

सतत येणारा हिस्सऽ म्हणजे सायकलच्या ट्यूबमधून हवा जावी तसा, तो बिघाड नाही, ते लेव्हलचं गणित चुकलेलं असतं. मिक्सर मुंगीएवढा सिग्नल सोडतोय आणि स्पीकरचा गेन पूर्ण वर, मग स्पीकर स्वतःचाच हिस्स मोठा करून ऐकवतो. स्पीकरचा गेन खुणेवर ठेवा, साधारण बाराच्या काट्यावर, आणि मिक्सरचं मीटर शून्याच्या आसपास नाचू द्या. याच्या उलट चूक जास्त वाईट: मागचं माइक-लाइन बटण माइकवर राहिलेलं असतं आणि मिक्सरचा सिग्नल आत जातो. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, प्रोफेशनल लाइन लेव्हल +४ डीबीयू म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट. शेकडो पटीचा फरक आहे. आवाज फाटून चिंध्या होतो आणि लोक म्हणतात कोन गेला. फोन-लॅपटॉपची लेव्हल यापेक्षा कमी, –१० डीबीव्ही म्हणजे सुमारे ०.३२ व्होल्टच्या हिशोबाची, म्हणून मिक्सरवर जोरात वाजणारा स्पीकर फोनवर मरगळलेला वाटतो, त्यात त्याचा काही दोष नाही.

फाटणाऱ्या आवाजाची एक सोपी चाळणी: अगदी हळू आवाजात पण फाटतोय का? मोठ्यानेच फाटत असेल तर कुठेतरी क्लिप होतंय, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन कापला जातोय, मिक्सरच्या चॅनलचा लाल दिवा आधी बघा, मग मास्टरचा, मग स्पीकरचा. हळू आवाजात पण फाटत असेल तर कोन, व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) किंवा बॅटरीवरचा असेल तर उतरलेली बॅटरी. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या आणि बेताच्या आवाजात ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकवत न्या, गाण्यात लपलेला खडखडाट एका ठरावीक जागी एकदम उघडा पडतो. तिथे टोन थांबवा आणि बॉक्सवर हात फिरवा. हात ठेवला की आवाज थांबला, तर तीच जागा. माझ्याकडे एक बॉक्स दोन दुकानं फिरून आला होता, एकाने वूफर पण बदललेला, आणि शेवटी निघाला काय तर वर हुक अडकवायला जे रिकामं भोक असतं त्याचा बोल्ट सैल. एक वॉशर घातला, काम संपलं. जाळीचे स्क्रू, हँडल, खालचा स्टँडचा कप, हे सगळं आधी घट्ट करा.

आता तुमचा उजवा, अर्ध्या-पाऊण तासाने बंद होणारा. इथे एकच गोष्ट बारकाईने बघायची, तो बंद होताना पुढचा-मागचा दिवा काय करतो आणि परत कसा चालू होतो. दिवा चालूच, फक्त आवाज नाही, आणि तेव्हा गाणी बंद होती किंवा अगदी हळू होती, सिग्नल मोठा केला की जागा होतो, तर तो ऑटो स्टँडबाय आहे, वीज वाचवायला केलेली सोय, मागे बटण असतं नाहीतर मेनूत बंद करता येते. पण तुमचा तर जोरात वाजत असताना जातो आणि दहा मिनिटांनी येतो, म्हणजे गरम होऊन प्रोटेक्टमध्ये जातोय. स्वतःला वाचवतोय बिचारा.

का गरम होतो? मागची हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्या) भिंतीला चिकटलीय का, पडद्यात गुंडाळलाय का, उन्हाकडे पाठ करून ठेवलाय का. काळा बॉक्स, काळी हीटसिंक, वर थेट ऊन, त्यात अ‍ॅम्पची स्वतःची उष्णता. दोनपैकी एकच बंद पडतो यातच उत्तर असतं बहुतेक वेळा, दोघांच्या जागांमध्ये काय फरक आहे ते बघा. मॉनिटर म्हणून आडवा टाकला असेल तर हीटसिंकच्या पट्ट्या आडव्या होतात आणि गरम हवा वर निघायला वाट राहत नाही. आत पंखा असेल तर तो फिरतोय का ते कान लावून ऐका, धुळीचा गोळा बसून अडकलेले पंखे मी कितीतरी काढलेत. मऊ ब्रश आणि हवा मारली की झालं, फक्त हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

आणि दुसरं कारण आपल्याच हातात असतं, मिक्सरवरचं बेसचं बटण. ३ डेसिबल वाढवलं म्हणजे अ‍ॅम्पला दुप्पट वॉट द्यायला सांगितलं, ६ म्हणजे चौपट, १२ म्हणजे सोळापट. आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. बेस पूर्ण वर करून ठेवला की लिमिटरचा दिवा अखंड पेटलेला राहतो. लिमिटचा दिवा तालावर मधूनमधून लुकलुकला तर हरकत नाही, पण तो कायम पेटलेला असेल तर व्हॉइस कॉइल आणि हीटसिंक दोन्ही भाजतायत असं समजा.

तिसरं कारण बाहेरच्या लाइटीचं, आणि हे फारच कमी लोक तपासतात. लांब बारीक एक्स्टेंशनवर स्पीकर शेवटी बसलाय. तांब्याची ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर ५० मीटर नेली तर जाऊन-येऊन १०० मीटर, रेझिस्टन्स सुमारे २.३ ओहम. त्या बोर्डावर लाइटी धरून ८ अँपिअर गेले की १८ व्होल्ट वाटेतच खाल्ले. २.५ चौरस मिलिमीटर घेतली तर तेच साडेपाच व्होल्टवर येतं. पुरवठा मुळात कमी असेल तर बेसच्या प्रत्येक ठोक्याला व्होल्टेज डुबकी मारतो आणि स्पीकर गचकतो. म्हणून व्होल्टेज मोजायचा तो गाणं जोरात चालू असताना, स्पीकरच्या अगदी जवळच्या सॉकेटवर, घरी शांतपणे मोजून उपयोग नाही. आणि रीलवरची वायर पूर्ण उलगडा हो, गुंडाळलेली वायर स्वतःच्याच गरमीने वितळते, मी एकदा सगळ्या वेढ्यांचा मिळून एकच लाडू झालेला बघितलाय.

लाइटीबद्दल आणखी एक, कारण याने खरंच किटा जळतात. थ्री फेज पुरवठ्यात किंवा जनरेटरवर न्यूट्रल कुठे सुटला तर एखाद्या सॉकेटवर २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतो. अशा वेळी फ्यूज वाचवत नाही, एका सेकंदात दोन-चार स्पीकर एकदम जातात. नव्या जागी, जनरेटरवर तर नक्कीच, प्लग घालायच्या आधी मीटर लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजायचे, पाच सेकंदाचं काम आहे. बाहेरून आणलेला स्पीकर असेल तर मागचा ११५-२३० चा स्विच पण बघा. आणि निळी-करडी गोल पॉवरची कनेक्टर असतात ना, पॉवरकॉन, निळी आत येणारी आणि करडी पुढे देणारी, ती जुन्या प्रकारची असेल तर लोड चालू असताना उपटायची नाही, तिची बनावटच त्यासाठी नाही, आधी स्विच बंद.

तिन्ही गोष्टींशिवाय एक राहिलं, तुम्ही विचारलेलं नाही पण नक्की येणार. "एक स्पीकर एकदम बारीक वाजतो, बेसच नाही." स्क्रू काढायच्या आधी मागच्या डीएसपीच्या, म्हणजे आवाजाच्या डिजिटल सेटिंगच्या, मेनूत जा. कोणीतरी सबवूफरबरोबर वापरताना १०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलेलं असतं आणि ते तसंच राहतं, सरळ फॅक्टरी रीसेट मारा. दोन्ही वेगवेगळे छान वाजतात पण एकत्र लावले की बेस गायब, तर एका केबलमध्ये २ आणि ३ नंबरची पिन उलटी सोल्डर झालीय, एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. दोन्ही बॉक्स शेजारी-शेजारी ठेवा, मोनो गाणं लावा, एक केबल बदला आणि ऐका, फरक इतका मोठा असतो की मीटर लागतच नाही.

हॉर्नच, म्हणजे बारीक आवाजाचा ट्विटर, वाजत नाही, नुसती भुणभुण येते, असं असेल तर मात्र उघडावं लागतं. ट्विटरचा अ‍ॅम्प गेला की ट्विटर गेला हे बघायला वूफरची वायर ट्विटरला लावून बघण्याचा मोह होतो, तो आवरा, त्या वायरवर बेस आहे, चांगला डायफ्रामपण जाईल. बॉक्स बंद करून ट्विटरची एक वायर सोडवा आणि मीटर ओहमवर लावा. ८ ओहमचा ड्रायव्हर मीटरवर साधारण ६ च्या आसपास दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटलीय, नुसता डायफ्राम बदलून मिळतो, पूर्ण ड्रायव्हर घ्यायची गरज नसते. वूफरचं बघायचं तर दोन्ही हातांची बोटं कोनावर समान पसरून अगदी अलगद आत दाबा, घासल्याची सरसर लागली तर कॉइल भाजून फुगलीय.

खरखर जी नुसता नॉब फिरवताना येते ती पॉटमधल्या (नॉबच्या आतल्या फिरत्या भागातल्या) मळाची, इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि वीसेक वेळा नॉब इकडून तिकडे फिरवा. बॉक्सला टपली मारल्यावर येणारी-जाणारी असेल तर कुठेतरी सोल्डर फुटलंय, बहुतेक वेळा इनपुट जॅकच्याच पायाशी, कारण केबलला पाय अडकून ओढ तिथेच बसते.

फ्यूजचं म्हणाल तर आहे त्याच नंबरचा घाला, टी लिहिलेला असेल तर टी च, तो हळू उडणारा असतो, चालू होतानाचा झटका सोसतो. काच स्वच्छ आहे आणि आतली तार नुसती तुटलीय तर एकदा बदलून बघा. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर आत सरळ शॉर्ट आहे, दुसरा फ्यूज पण तसाच उडणार, मोठा घातला तर फ्यूजऐवजी बोर्ड उडेल. अशा वेळी आम्ही १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून चालू करतो, एलईडीचा चालत नाही, बल्ब एकदा चमकून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर शॉर्ट.

आणि इथून पुढे तुम्ही थांबा. सप्लायमध्ये २३० चा डीसी होऊन सुमारे ३२५ व्होल्ट मोठ्या कपॅसिटरवर बसलेला असतो, काही डिझाइनमध्ये ४०० पर्यंत, आणि प्लग काढल्यावर पण तो तिथे राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे लोक आहेत, मी त्यातला नाही, रेझिस्टरमधून उतरवतो आणि मीटरने बघितल्याशिवाय बोट लावत नाही. दुकानात टाकताना बॉक्सवर चिठ्ठी चिकटवा, पण "खराब आहे" असं लिहू नका, दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावर तो पाच मिनिटं वाजतो आणि तो तसाच परत देतो. लिहा: "जोरात वाजवल्यावर ४० मिनिटांनी बंद, लाल दिवा लागतो, १० मिनिटांनी आपोआप चालू, केबल आणि सॉकेट बदलून बघितलं, चालू असताना व्होल्टेज २२६."